दार तोडायचा हक्क कुणाचा?

एखाद्या सिस्टीमचं डिझाइन चुकलंय हे ओळखायची माझी एक साधी कसोटी आहे. नियमाने वागणाऱ्याच्या मागे कटकटी आणि नियम धाब्यावर बसवणाऱ्याला मोकळं रान, असं दिसलं की समजायचं, गडबड माणसांत नाही, आराखड्यात आहे. अमेरिकेतला जामिनाचा धंदा आणि त्यातून निपजलेला 'बाउंटी हंटर' नावाचा प्राणी ह्या कसोटीवर साफ नापास होतो. आजचा शनिवार त्याच्या नावाने.

आधी थोडं जामिनाबद्दल. आपल्याकडे जामीन म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? काका, मामा, गावातला एखादा भला माणूस, हातात सातबारा नाहीतर ऐपतीचा दाखला, आणि कोर्टाच्या व्हरांड्यात दिवसभर ताटकळणं. जामीनदार हा ओळखीतला माणूस, आणि तो हे काम पैशासाठी करत नाही असं कायदा गृहीत धरतो. (कोर्टाबाहेर भाड्याचे जामीनदार मिळतात हे उघड गुपित आहे, पण ते गुपितच! त्याची पाटी लावून कुणी बसत नाही.)

अमेरिकेत पाटी लावूनच बसतात. आमच्या सॅन होजेत काउंटीच्या जेलच्या आसपास फिरून बघा, 'बेल बाँड्स, चोवीस तास' अशा पाट्या दिसतील. व्यवहार सरळ आहे. समजा न्यायाधीशाने ५० हजार डॉलर जामीन ठरवला. एवढी रोकड कुणाकडे असते? मग आरोपीचे घरचे एजंटकडे जातात, त्याला साधारण दहा टक्के, म्हणजे ५ हजार डॉलर देतात, आणि तो कोर्टाला पूर्ण रकमेची हमी लिहून देतो. हे ५ हजार गेले ते गेले. खटला उभाच राहिला नाही, आरोपी निर्दोष सुटला, तरी परत मिळत नाहीत. वर आईची नाहीतर बायकोची सही घेतलेली असते, कधी घरही तारण असतं. एजंटच्या मागे विमा कंपनी उभी असते, कारण हमीपत्राला खरं वजन तिच्या नावाचं.

ह्या धंद्याची सुरुवातसुद्धा आमच्या शेजारचीच. १८९८ च्या सुमाराला सॅन फ्रान्सिस्कोत मॅकडोना बंधूंनी कोर्टाजवळच्या आपल्या दारूच्या गुत्त्यातून जामिनाची दुकानदारी सुरू केली, ती देशातली पहिली मानतात. पुढे ते इतके मातले की १९३७ साली शहरातल्या पोलिसी लाचखोरीवर अॅथर्टन अहवाल आला, त्यात भ्रष्टाचाराचा उगम म्हणून त्यांच्याकडेच बोट दाखवलं गेलं. आज असा व्यापारी जामीन सर्रास चालतो ते देश दोनच सांगतात, अमेरिका आणि फिलिपाइन्स. बाकी जगाला ही कल्पनाच विचित्र वाटते.

आता मुद्द्याकडे येऊ. आरोपी तारखेला आलाच नाही तर? कोर्ट त्याच्या नावाने वॉरंट काढतं आणि हमीची रक्कम जप्त करायची प्रक्रिया सुरू करतं. पण लगेच वसुली नाही, मुदत मिळते. कॅलिफोर्नियात ती साधारण १८५ दिवसांची. तेवढ्या अवधीत आरोपीला हजर केलं तर पैसे वाचले. म्हणून एजंट माणसं शोधणारा माणूस नेमतो. तोच बाउंटी हंटर. त्याला पगार नाही. माणूस आणला तर रकमेतला काही टक्के वाटा, नाही आणला तर पेट्रोलही खिशातलं. थोडक्यात, घाई करायला आणि जोखीम घ्यायला उत्तेजन देणारी रचना.

हा माणूस पोलीस नाही. मग तो कुणाच्या अधिकाराने एखाद्याच्या दंडाला धरतो? ह्याचं उत्तर १८७२ सालच्या एका निकालात आहे. टेलर विरुद्ध टेंटर, अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय. त्यात एक परिच्छेद आहे, त्याचा मथितार्थ असा: जामिनावर सुटलेला माणूस जामीनदारांच्या ताब्यात दिलेला असतो, त्यांचा ताबा हा मूळ कैदेचाच पुढचा भाग. ते त्याला हवं तेव्हा धरू शकतात, दुसऱ्या राज्यात जाऊन धरू शकतात, रविवारी धरू शकतात, आणि गरज पडली तर त्याच्या घराचं दार तोडून आत शिरू शकतात. त्यासाठी नवं वॉरंट लागत नाही.

मजा बघा. त्या खटल्यात दार तोडण्याचा प्रश्नच नव्हता! कनेक्टिकटमधल्या एका चोरीच्या आरोपीला ८ हजार डॉलरवर जामीन मिळाला होता. तो न्यूयॉर्कला गेला, तिथून त्याला मेन राज्याने दुसऱ्याच गुन्ह्यासाठी मागवून नेलं, आणि तो कनेक्टिकटला तारखेला पोचू शकला नाही. जामीनदारांचं म्हणणं, सरकारनेच नेला, आता आम्ही काय करणार? कोर्ट म्हणालं, तुम्ही त्याला राज्याबाहेर जाऊ द्यायला नको होतं, पैसे भरा. म्हणजे जामीनदार हरले. पण त्यांचे अधिकार किती मोठे होते हे सांगताना न्यायमूर्तींनी ओघात जे लिहिलं, ते दीडशे वर्षं एका अख्ख्या धंद्याचं सनदपत्र होऊन बसलंय. आमच्या भाषेत सांगायचं तर कुणीतरी कधीतरी लिहिलेली कॉमेंट प्रोडक्शनमध्ये कोड म्हणून चालू आहे.

आणि ते लिहिलं गेलं तेव्हाचा जामीनदार हा आपल्या काका-मामांसारखाच होता. पैशासाठी माणसं सोडवणारी आणि धरून आणणारी दुकानं तेव्हा नव्हती. ओळखीच्या माणसाला कान धरून कोर्टात नेणं वेगळं आणि कमिशनवर नेमलेल्या अनोळखी माणसाने पिस्तूल घेऊन रात्री दार ठोठावणं वेगळं.

आता पोलिसांशी तुलना करा. अमेरिकेच्या राज्यघटनेची चौथी दुरुस्ती पोलिसांना बांधून ठेवते. आरोपीच्या स्वतःच्या घरात शिरून नेहमीची अटक करायची तर अटक वॉरंट हवं (१९८०, पेटन खटला). आरोपी दुसऱ्याच्या घरी आहे असा संशय असेल तर त्या घराच्या झडतीचं वेगळं वॉरंट हवं (१९८१, स्टीगल्ड खटला). मोडलं तर नागरिकाला केंद्रीय नागरी हक्क कायद्याखाली दावा लावता येतो. पण ही सगळी बंधनं सरकारवर आहेत, खाजगी माणसावर नाहीत. आणि बाउंटी हंटर कागदोपत्री खाजगी माणूस आहे.

खरी गोम पुढे आहे. त्याच्यावर असा दावा लावायचा तर तो सरकारच्या वतीने वागत होता हे दाखवावं लागतं. १९७४ साली नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयापुढे एका विमा कंपनीविरुद्ध खटला आला. नेव्हाडातल्या जामीनवाल्यांनी कॅलिफोर्नियात येऊन माणूस पकडला होता. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात अशा वेळी आधी स्थानिक मॅजिस्ट्रेटकडे जाऊन वॉरंट घ्यायची तरतूद होती, ती त्यांनी पाळली नव्हती. न्यायालयाने काय म्हणावं? हे लोक पैसे मिळवायला धंदा करतायत, राज्याच्या वतीने काही करत नाहीत, सबब नागरी हक्कांचा केंद्रीय दावा चालणार नाही. १९९६ साली पाचव्या सर्किटनेही असाच कल दाखवला. जामीनवाल्याने वॉरंट दाखवलं किंवा पोलिसांना सोबत घेतलं, तर तो सरकारी कृतीत मोडू शकतो, नाहीतर नाही.

हे पुन्हा एकदा सावकाश वाचा. जो वॉरंट दाखवतो, पोलिसांना सोबत नेतो, त्याच्या मानेवर घटनेचं जोखड येऊ शकतं. जो एकटाच जाऊन लाथ घालतो, तो 'खाजगी' म्हणून सुटतो. साधा खाजगी दावा किंवा फौजदारी तक्रार करता येते, नाही असं नाही. पण ती कुणी करायची? बहुतेकदा ज्याच्याकडे जामिनाचे पैसे नव्हते त्याने, किंवा त्याच्या शेजाऱ्याने. सुरुवातीला सांगितलेली कसोटी आठवतेय ना?

"जो कोर्टाला तुरी देऊन पळाला त्याच्याबद्दल एवढा कळवळा कशाला?" असं विचारणारे भेटतात. प्रश्न पळालेल्याचा नाहीच, दाराच्या अलीकडे कोण असतं त्याचा आहे. फीनिक्स, अॅरिझोना. ऑगस्ट १९९७. मुखवटे घातलेली माणसं पहाटे एका घरात घुसली, फरारी शोधतोय म्हणाली, आणि गोळीबारात घरातलं एक तरुण जोडपं ठार झालं. पुढे पोलिसांच्या लक्षात आलं की हे बाउंटी हंटर नव्हतेच, दरोडेखोर होते. धंद्यातल्या लोकांनी सुटकेचा श्वास सोडला, बघा, आमची माणसं नव्हती! मला मात्र त्यातली सगळ्यात भयंकर गोष्ट ही वाटते की सुरुवातीला ती थाप सगळ्यांना खरी वाटली. मुखवटा, बंदूक, पहाटेची वेळ, मोडलेलं दार, आणि तरी हे कायदेशीर असू शकेल असं लोकांना वाटावं, ह्यातच त्या कायद्याबद्दल सगळं आलं.

त्याच फीनिक्समध्ये ऑगस्ट २०१५ मध्ये रात्री दहाच्या सुमाराला जामीनवाल्यांच्या दहा-अकरा जणांच्या टोळीने एका घराला वेढा घातला. फरारी माणूस तिथे आहे अशी टीप फेसबुकवरून मिळाली होती. घर निघालं शहराचे पोलीस प्रमुख जोसेफ याह्नर यांचं! दारात साक्षात पोलीस प्रमुख. टोळीच्या म्होरक्याला अटक झाली. हसू येतं, पण क्षणभर समजा, ते घर प्रमुखांचं नसतं, रात्रपाळीवर गेलेल्या नर्सचं असतं, आत आजी आणि दोन पोरं असती. मग कुणाला अटक झाली असती? चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच, फक्त इथे संन्यासी पोलिसांचा साहेब निघाला.

ही रचना हंटरलाही सोडत नाही. मे २०१७ मध्ये टेक्ससमधल्या ग्रीनव्हिल गावी गाड्यांच्या एका शोरूममध्ये दोन बाउंटी हंटर आणि मिनेसोटात हवा असलेला त्यांचा फरारी समोरासमोर आले. काही सेकंदांत तिघेही मेले. भर दुकानात, कामावरच्या माणसांदेखत. पोलिसांनी अशी जागा रिकामी तरी केली असती. कमिशनवरच्या माणसाला थांबणं परवडत नाही.

देशाबाहेर ही सनद अजिबात चालत नाही. १९८१ साली फ्लोरिडातल्या एका जमीन व्यावसायिकाला टोरांटोतल्या त्याच्या राहत्या इमारतीतून दोघांनी उचलून फ्लोरिडात आणलं. कॅनडाने त्याला सरळ अपहरण म्हटलं आणि त्या दोघांना मागितलं. १९८३ साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने हस्तांतराला हिरवा कंदील दाखवला, पुढे कॅनडात शिक्षाही झाली. 'डॉग' चॅपमनची गोष्ट तर टीव्हीमुळे सगळ्यांना माहीत आहे. २००३ मध्ये त्याने मेक्सिकोत अँड्रू लस्टर ह्या बलात्काराच्या गुन्ह्यातल्या फरारी धनाढ्याला पकडलं, आणि मेक्सिकोच्या पोलिसांनी चॅपमनलाच आत टाकलं, कारण तिथे हा धंदाच बेकायदा. मग हा पठ्ठ्या जामिनावर सुटला आणि मेक्सिको सोडून निघून आला! जामीन चुकवणाऱ्यांना पकडणारा स्वतः जामीन चुकवून फरारी. २००६ मध्ये हवाईत त्याला अटक झाली, २००७ मध्ये मुदत संपल्याच्या कारणाने ते प्रकरण मिटलं. लस्टर नराधम होता ह्यात शंका नाही. पण आपला तो अधिकार आणि दुसऱ्याचा तो गुन्हा, असं सीमेच्या दोन बाजूंना होतं तेव्हा अधिकाराकडेच जरा निरखून बघावं.

दुसरी बाजूही मांडायला हवी, आणि ती कच्ची नाही. २००४ साली एरिक हेलंड आणि अलेक्झांडर टॅबरॉक ह्या अर्थशास्त्रज्ञांनी गंभीर गुन्ह्यांतल्या आरोपींचा अभ्यास प्रसिद्ध केला. व्यापारी जामिनावर सुटलेले आरोपी इतर मार्गांनी सुटलेल्या तशाच आरोपींपेक्षा तारीख चुकवण्याची शक्यता २८ टक्क्यांनी कमी, आणि पळालेच तर दीर्घकाळ फरार राहण्याची शक्यता ५३ टक्क्यांनी कमी. सरकारी तिजोरीला खर्च न पडता हे होतं. पोलिसांकडे वॉरंटांचे ढीग पडून असतात, एकेका फरारीमागे महिनोन्‌महिने कोण फिरणार? खाजगी माणूस फिरतो. हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण त्यातून सिद्ध होतं ते एवढंच की शोधायला माणूस हवा. वॉरंटाशिवाय, चुकीच्या घरात, कुणालाही जबाबदार न राहता शोधायला हवा, हे त्यातून कुठे निघतं? शिवाय तारीख चुकवणारे सगळे पळपुटे नसतात. न्यूयॉर्क शहरात समन्सचा फॉर्म सोप्या भाषेत नव्याने मांडला तर गैरहजेरी १३ टक्क्यांनी घटली, मोबाइलवर आठवणीचे मेसेज पाठवले तर २१ टक्क्यांनी. २०२० मध्ये हा अभ्यास 'सायन्स'मध्ये आला. दार तोडण्याआधी एसएमएस तरी करून बघा!

मग नियमन नाहीच का? आहे की, पण प्रत्येक राज्याची तऱ्हा निराळी. केंटकीने १९७६ मध्ये हा धंदाच बंद केला. ऑरेगन, विस्कॉन्सिन, इलिनॉय इथेही तो चालत नाही, आणि इलिनॉयने तर सप्टेंबर २०२३ पासून पैशाचा जामीनच रद्द केला. फ्लोरिडात परवानाधारक जामीन एजंटांनाच धरपकड करता येते, भाड्याचे हंटर चालत नाहीत. आमच्या कॅलिफोर्नियाची कथा तर आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांनी फ्रेम करून लावावी. इथे फरारी पकडणाऱ्यांसाठीचा कायदा २००० साली लागू झाला. प्रशिक्षण हवं, गंभीर गुन्ह्याची शिक्षा झालेली नको, छाप्याआधी सहा तासांच्या आत स्थानिक पोलिसांना कळवायचं. उत्तम. फक्त त्याला एक्स्पायरी डेट होती. ती २०१० मध्ये उलटली आणि कायदा गळून पडला. २०१३ पर्यंत तीन वर्षं ह्या राज्यात तो नव्हताच! लायसन्स रिन्यू करायचं राहून गेलं म्हणून सर्व्हर बंद पडलेला पाहिलाय, नागरिकांचं संरक्षण बंद पडलेलं इथेच पाहिलं. हंटरांना रीतसर परवाने देण्याची पद्धत आली ती थेट २०२३ मध्ये, विमा खात्याकडे. दरम्यान, पैशाचा जामीनच बंद करणारा २०१८ चा कायदा नोव्हेंबर २०२० मध्ये मतदारांनी फेटाळला. जामीन उद्योगाने त्याविरुद्ध भरपूर पैसा ओतला होता.

ह्या बाबतीत आपला कायदा अधिक शहाणा आहे असं म्हटलं तर इथले काही मित्र दचकतात. भारतात जामीनदाराला वाटलं की आरोपी पळेल, तर त्याने काय करायचं? मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे होतं, जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. मॅजिस्ट्रेट वॉरंट काढतो, पोलीस आरोपीला आणतात, जामीनदार मोकळा. जामीनदाराच्या हातात पैशाची जबाबदारी आहे, बेडी नाही. बेडी न्यायालयाच्या आज्ञेनेच पडते. आपल्याकडे तुरुंगात २०२२ साली दर चारपैकी तीन कैदी कच्चे कैदी होते, तेव्हा आपण कॉलर ताठ करण्याचं कारण नाही. पण ही एक जागा आपल्या कायद्याने बरोबर ओळखली.

माझं म्हणणं तेवढंच आहे. धंदा उद्या बंद होणार नाही हे धरून चालू. मग तीन गोष्टी करा. पहिली, आरोपी गैरहजर राहिला की कोर्ट वॉरंट काढतंच, ते खिशात असल्याशिवाय आणि पोलिसांना कळवल्याशिवाय कुणाच्या अंगाला हात नाही. तिसऱ्याच्या घरात तर झडतीच्या वॉरंटाशिवाय पाऊल नाही. दुसरी, जो राज्याच्या कैदेत परत न्यायला माणूस धरतो तो राज्याच्याच वतीने वागतो, असं कायद्यात एका ओळीत लिहा. अशा आशयाचं विधेयक १९९८ मध्ये काँग्रेसमध्ये आलं होतं, कायदा झालं नाही. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची: जबाबदारी पैशाच्या मागोमाग वर न्या. आज दार चुकलं की एजंट म्हणतो तो स्वतंत्र कंत्राटदार, विमा कंपनी म्हणते एजंट स्वतंत्र, आणि सगळे हात वर करतात. नफ्याची साखळी अखंड आणि दोषाची साखळी पहिल्याच कडीला तुटलेली! हंटरच्या प्रत्येक चुकीची भरपाई विमा कंपनीवर बसवा, मग बघा ती कशी स्वतःहून प्रशिक्षण देते, पत्ता दोनदा तपासते, आणि अंगावर कॅमेरा लावते. सरकारी निरीक्षकाला जमणार नाही ते विमा कंपनीचा हिशेबनीस वर्षभरात करून दाखवेल.

राज्याचा अधिकार वापरायचा तर राज्याच्या बेड्याही आपल्या हातात घालून घ्यायच्या. ते नको असेल तर साध्या नागरिकासारखं बाहेर उभं राहून बेल वाजवायची, आणि दार उघडायचं की नाही हे आतल्या माणसाने ठरवायचं. बघा पटतंय का.